पुण्यात ३० लाखांत जुनी टू-सीटर ओपन-टॉप: झेड४, एसएलके की बॉक्स्टर?

प्रश्न विचारणाऱ्याने लिहिलंय: "पुण्यात राहतो, ३० लाखांपर्यंत बजेट आहे, जुनी दोन सीटची ओपन-टॉप घ्यायची आहे. बीएमडब्ल्यू झेड४, मर्सिडीज एसएलके, पोर्शे बॉक्स्टर यांत अडकलोय. एसएलकेला सगळे मित्र 'बायकांची गाडी' म्हणतात, ती यादीतून काढू का?"

खरं सांगायचं तर शेवटच्या वाक्यामुळे उत्तर लिहायला बसलेय. बाकीचं ओघात येईल तेवढं येईल.

माझ्याकडे एसएलके २०० आहे, २००४ ते २०११ या पिढीतली, कंपनीच्या कोडमध्ये आर१७१. मी बाई आहे, पन्नाशी ओलांडलेली. म्हणजे माझ्यापुरती ती बायकांची गाडी आहेच, आरसीवर माझंच नाव आहे. पण हे वाक्य तुमच्या मित्रांनी म्हणायच्या कितीतरी आधीपासून माझे धाकटे दीर म्हणत आलेत. त्यांच्याकडे झेड४ आहे, ई८९ पिढीतली ३५आय. तीन लिटर, सहा सिलिंडर, दोन टर्बो, ३०६ हॉर्सपॉवर. हा ३०६ चा आकडा त्यांनी लग्नात, बारशात आणि एकदा तेराव्यालाही सांगितलाय. "वहिनी, तुमची १६३. माझ्या निम्म्याच्या जरा वर." हिशेब बरोबर आहे. मी एवढंच विचारते, की भावजी, आज पौड रोडवर त्यातले किती लागले?

झेड४ वाईट आहे असं नाही. लांब बॉनेट, मागच्या चाकाजवळ बसल्यासारखं वाटतं, आवाज सुंदर. पण ताम्हिणी किंवा पसरणीच्या घाटात छत उघडून जायची मजा चाळीस-पन्नासच्या वेगातच आहे. त्याच्या वर वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नाही आणि वळणापलीकडून एसटी केव्हा येईल याचा नेम नाही. तिथे १६३ पुरून उरतात. ३०६ फक्त एक्सप्रेसवेवर लागतात, आणि तिथे दंडाचे कॅमेरे आहेत.

आता मुद्द्याचं. पंधरा वर्षं जुनी रोडस्टर (म्हणजे हीच दोन सीटची ओपन-टॉप) घेताना तुम्ही इंजिन विकत घेत नसता, छत आणि रबर विकत घेत असता. हे मी छाती ठोकून सांगू शकते, कारण भोसरी एमआयडीसीत आमचा हायड्रॉलिक सील आणि ओ-रिंगचा छोटा कारखाना आहे. नवऱ्याने सुरू केला, गेली बरीच वर्षं मी बघते.

एसएलके आणि ई८९ झेड४ या दोन्हींचं छत पत्र्याचं, घडी होऊन डिकीत जाणारं. वीसेक सेकंदांत उघडतं आणि सिग्नलला उभी असलेली पोरं मोबाइल काढतात. हे सगळं करतो डिकीतला एक छोटा हायड्रॉलिक पंप आणि त्याला जोडलेले बोटभर जाडीचे सिलिंडर. सिलिंडरमध्ये तेल धरून ठेवायचं काम पॉलियुरेथेनच्या सीलचं. आणि पॉलियुरेथेनला दोन गोष्टी मारतात, उष्णता आणि दमटपणा. वर्षानुवर्षं तापून-भिजून ते आतून फुटत जातं, आमच्या धंद्यात याला हायड्रोलिसिस म्हणतात. गाडी चालवली नाही म्हणून सील वाचत नाही. त्यामुळे "फक्त ९,००० किलोमीटर, कायम गॅरेजमध्ये" अशी जाहिरात दिसली की मला आनंद होत नाही, शंका येते.

माझ्या गाडीचं छत एका पावसाळ्यानंतर अर्ध्यात थांबायला लागलं. डिकीच्या बाजूच्या कार्पेटवर तेलाचा डाग. यात कंपनीचा दोष काही नाही, रबराचं वय झालं होतं. गाडी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली, नाव घेत नाही. काचेच्या केबिनमधला मुलगा फार अदबीने म्हणाला, "मॅडम, पूर्ण सिलिंडर बदलावे लागतील. जर्मनीहून मागवू. याचं सील वेगळं मिळत नाही."

सील वेगळं मिळत नाही! हे मला सांगतोय! मी त्याचं कोटेशन घडी करून पर्समध्ये ठेवलं (अजून आहे, कारखान्यात काचेखाली लावलंय) आणि गाडी परत आणली.

दुसऱ्या दिवशी आमच्या टर्नर मामांनी ते सिलिंडर उतरवून कापडावर मांडले. पहिला उघडला तर आतलं सील सुरीने नव्हे, नखाने सुटत होतं, जुन्या गुळासारखं. मामांनी दांड्याचा व्यास मोजला, खाचेची रुंदी मोजली आणि म्हणाले, "ताई, हे तर आपल्या प्रेसच्या सिलिंडरचं धाकटं भावंड." हायड्रोलिसिसला दाद न देणाऱ्या ग्रेडची पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनची, नळी आमच्याकडे होतीच. अशा सीलला साचाही लागत नाही, सीएनसी लेथवर नळीतून थेट कापून काढता येतं. रॉड सील, पिस्टन सील, धूळ पुसणारा वायपर, सगळं नवं. दांड्यावर ओरखडे नाहीत ना ते भिंगातून बघितलं, कारण दांडा खरवडलेला असेल तर नवं सीलही चार दिवसांत मरतं. नवं तेल भरलं, हवा काढली. छत पहिल्या झटक्यात उघडलं. मामांनी तोंडाने काही कौतुक केलं नाही, फक्त बटण पुन्हा दाबून बघितलं.

रविवारी भावजी जेवायला आले. ऐकून म्हणाले, "वहिनी, कंपनीचाच पार्ट टाकायला हवा होता. भोसरीचं सील घालून एवढी चांगली गाडी बरबाद केलीत." या वाक्यावरून आमच्या घरात जो वाद सुरू झाला तो अजून संपलेला नाही. माझं म्हणणं साधं आहे. कार कंपनी शक्यतो स्वतः सील बनवत नाही. ती सीलवाल्याकडून घेते, पुडीवर आपला लोगो, मर्सिडीजचा तारा किंवा बीएमडब्ल्यूचा प्रोपेलर, छापते. भोसरी-चाकण पट्ट्यातले सुटे भाग जगभरच्या गाड्यांत जातात, ते जर्मन बॉक्समधून परत आले की भावजींना पवित्र वाटतात. त्यांच्या झेड४ चा मागचा एक टायर पाषाणच्या खड्ड्यात फुगला, तो २५५/३५ आर१८, रन-फ्लॅट म्हणजे पंक्चर झाला तरी काही अंतर चालणारा, तेव्हा त्या एका टायरच्या पैशांत माझे सगळे सिलिंडर झाले असते आणि पैसे उरले असते. हे मी त्यांना तेव्हाच सांगितलं. आता इथेही लिहून ठेवते.

बरं, तुमचा प्रश्न.

झेड४ ई८९ बघणार असाल तर ३५आयचं इंजिन एन५४. त्याच्या हाय-प्रेशर फ्युएल पंपाचा इतिहास विचारा. याच पंपासाठी बीएमडब्ल्यूने २०१० मध्ये अमेरिकेत गाड्या परत बोलावल्या होत्या, त्यात २००९-१० च्या झेड४ ३५आयही होत्या. इलेक्ट्रिक वॉटर पंप बदलल्याचं बिल असेल तर उत्तम, नसेल तर त्याचे पैसे भावातून कमी करा. स्टेपनी नसते हे लक्षात ठेवा. छत बंद असताना डिकी ३१० लिटर, उघडल्यावर १८०. म्हणजे महाबळेश्वरला दोघांच्या बॅगा आणि उघडं छत, यातलं एकच निवडावं लागतं. आधीची कापडी छताची ई८५ दिसलीच तर पाणी जायच्या नळ्या आधी बघा. त्या तुंबल्या की छताची मोटर पाण्यात बुडते. पुण्यात गुलमोहराखाली गाडी लावणाऱ्याला ती बारीक पानं कुठे कुठे जातात हे वेगळं सांगायला नको.

एसएलकेत मोठ्या इंजिनाच्या ३५० चा मोह होईल. आर१७१ च्या सुरुवातीच्या ३५० मध्ये एम२७२ इंजिनाच्या बॅलन्स शाफ्टचं (इंजिनाची थरथर कमी करणारा दांडा) दातेरी चाक झिजतं आणि ते बदलायला इंजिन उतरवावं लागतं. २०० घ्या. तिच्यात सकाळी थंड असताना टायमिंग चेनचा खडखडाट येतो का ते ऐका, म्हणून विकणाऱ्याला सांगा की मी यायच्या आधी गाडी चालू करू नका. बॉनेटवर हात ठेवून बघा, गरम लागलं तर चहा पिऊन घरी या. आणि छत चालत नाही म्हणून स्वस्तात मिळत असेल तर घाबरून पळू नका. डिकीतला सामानाचा पडदा नीट अडकला नसेल तरी छत हलत नाही, बॅटरी उतरली असेल तरी अर्ध्यात थांबतं.

बॉक्स्टर या तिघांत चालवायला सगळ्यात चांगली आहे, हे मी मान्य करते. इंजिन मधोमध, छत कापडी आणि हलकं, पुढेमागे दोन डिक्या. पण २००८ पर्यंतच्या इंजिनात आयएमएस, म्हणजे इंटरमीडिएट शाफ्टचं, बेअरिंग आहे. ते गेलं की इंजिनच जातं, आणि २००६ ते ०८ च्या इंजिनात ते बाहेरून बदलताही येत नाही. २००९ पासूनच्या इंजिनात तो शाफ्टच नाही. तुमच्या बजेटमध्ये बहुधा २००९ च्या आधीचीच दाखवतील. नको.

मियाता, म्हणजे माझ्दा एमएक्स-५, असं कुणीतरी खाली लिहीलच. माझ्दाने ती इथे कधी विकली नाही, आणि तीन वर्षांपेक्षा जुनी गाडी बाहेरून आणायला आपल्याकडे परवानगी नाही. विषय संपला. आपल्याकडेही प्रयत्न झाले होते, अलिबागची चिंकारा रोडस्टर, इसुझुचं १.८ इंजिन आणि फायबरची बॉडी. एखादी चांगली हाती लागली तर मला कळवा, तुम्हाला नको असेल तर मी बघते.

दिल्लीची गाडी स्वस्त दिसेल. तिथे १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाडीवर बंदीची टांगती तलवार असते, म्हणून ती खाली आपल्याकडे ढकलतात. एनओसी, इथला टॅक्स पुन्हा, संगम पुलाजवळच्या आरटीओचे हेलपाटे, हे सगळं धरून मग स्वस्त म्हणा. १५ वर्षं झाली की इथेही फिटनेस आणि हरित कर आहेच. आणि विम्यात छताची झीज बसत नाही, एजंट काहीही म्हणो.

छत तपासताना निदान पाच-सहा वेळा उघडबंद करा, इंजिन चालू ठेवून. मधल्या वेळात डिकीचं कार्पेट उचलून हात फिरवा. ओलं असेल तर पाणी की तेल ते वास घेऊन ठरवा. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने पंपात ब्रेक ऑइल ओतलंय का ते विचारा. ब्रेक ऑइल ग्लायकॉलचं असतं, खनिज तेलासाठी बनवलेलं नायट्राइल रबर त्यात फुगतं आणि मग मी सुद्धा काही करू शकत नाही.

पेट्रोलचंही सांगायला हवं होतं आधी. आता पंपावर २० टक्के इथेनॉल आहे आणि या गाड्या त्याआधीच्या. जुन्या नायट्राइल नळ्या त्यात फुगतात, मग सुकल्या की तडकतात. घेतल्या घेतल्या इंधनाच्या नळ्या विटॉनच्या, म्हणजे इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या, करून घ्या. महिनाभर उभी ठेवणार असाल तर टाकीत ते पेट्रोल ठेवू नका.

"त्या पैशांत फॉर्च्युनर आली असती" हे वाक्य तुम्हाला रोज ऐकावं लागेल. मला अजून ऐकावं लागतं. डिसेंबरात आम्ही दोन्ही गाड्या घेऊन पाचगणीला गेलो तेव्हा सासूबाई कुणाच्या गाडीत बसणार यावर चर्चा झाली. भावजी स्वतःच्या आईला ३०६ चा आकडा सांगत होते. आर१७१ मध्ये सीटच्या वरच्या टोकातून मानेवर गरम हवा सोडायची सोय मिळते, माझ्या गाडीत ती आहे. सासूबाई स्कार्फ बांधून माझ्याकडे बसल्या आणि पसरणीचा घाट संपेपर्यंत छत लावू दिलं नाही.

तर यादीतून एसएलके काढू नका, मित्र काढा. सहा फुटांच्या वर उंची असेल तर मात्र तिन्हींत आधी छत लावून बसून बघा. सोसायटीत वर शेड नसेल तर सध्या थांबा. आणि २००९ च्या आधीच्या बॉक्स्टरवरून ज्यांना माझ्याशी भांडायचंय त्यांनी आधी आपला इंजिन नंबर लिहावा, मग बोलू.