ब्रँच ऑफिसचं नेट स्लो आहे, विंडोज डोमेनला लॉगिन व्हायला खूप वेळ लागतो, काय करू?

आधी रोमिंग प्रोफाइल (युजरच्या फाइली अन् सेटिंग सर्व्हरवर ठेवून तो बसेल त्या पीसीवर आणायची सोय) हलकं करा, बहुतेक वेळा गाडी तिथंच अडकते. कारण लॉगिनच्या वेळी सर्व्हरवरच्या बदललेल्या फाइली त्याच बारीक लाइनवरून पीसीवर उतरतात अन् लॉगऑफला परत वर चढतात, त्यात कुणी डेस्कटॉपवर व्हिडिओ ठेवले असतील तर संपलंच. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स फोल्डर रिडायरेक्शनने (म्हणजे फोल्डरची जागाच सर्व्हरवर वळवून) प्रोफाइलबाहेर काढा, सोबत ऑफलाइन फाइल्स (त्याच फाइलींची प्रत पीसीवरही ठेवायची सोय) चालू ठेवा. मग ग्रुप पॉलिसीत (डोमेनमधल्या पीसींना एकाच जागेवरून लावायच्या सेटिंगमध्ये) ‘ऑलवेज वेट फॉर द नेटवर्क अॅट कॉम्प्युटर स्टार्टअप अँड लॉगऑन’ चालू असेल तर ते बंद करा. फक्त एक, रोमिंगवाल्या युजरसाठी विंडोज तरीही नेटवर्कची वाट बघतंच, म्हणून जो रोज एकाच पीसीवर बसतो त्याचं रोमिंग सरळ काढूनच टाका.