वस्तीवर जाण्याआधी एवढं ऐक

मोर्चाचं पत्रक नंतर काढ, आधी जातीय अत्याचार झालेल्या त्या कुटुंबाच्या ओट्यावर बस. तक्रार द्यायची का, हे त्यांनाच ठरवू दे. गावात राहायचं त्यांना आहे, आपण संध्याकाळच्या एसटीनं परतणार. ठरलं, तर पोलीस ठाण्यात सोबत जा. ‘आधी चौकशी करतो’ म्हणाले, तर अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचं कलम १८-अ दाखव: गुन्हा नोंदवायला प्राथमिक चौकशी लागत नाही. एफआयआरची प्रत फुकट मिळते, घेतल्याशिवाय उठू नको.

खरं काम पुढं, साक्षीदार टिकवण्याचं. (तिथं भाषणवाले दिसत नाहीत.) कोर्टात येण्याचा प्रवासभत्ता त्यांना नियमानं मिळतो, तो मागून घे. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरालासुद्धा १९७८ च्या ठरावापासून १९९४ उजाडलं, म्हणून पहिल्याच तारखेला वैतागू नको.