तासाला 17 रुपये

"ताई, मी औसा तालुक्यातला, पुण्यात बीएस्सी सेकंड इयरला आहे. संध्याकाळी 6 ते रात्री 12 फूड डिलिव्हरी करतो, महिन्याला 12 हजार होतात. सोयाबीनला भाव नाही म्हणून घरून 4 हजारच येतात. थर्ड सेमला दोन विषय राहिलेत, घरी सांगितलं नाही. रूममेट म्हणतो कॉलेज सोड, फुल टाइम कर. काय करू?"

अरे बाळा, आधी मला सांग, ते 12 हजार तुझ्या हातात राहतात की नुसते ॲपमध्ये दिसतात? कारण पुढे तूच लिहिलंयस की पेट्रोल 4 हजार, सेकंडहँड गाडीचा हप्ता 2900, सर्व्हिसिंग आणि नेटपॅक 600, आणि तू येईपर्यंत मेस बंद झालेली असते म्हणून रोज रात्री 70 ची भुर्जीपाव, म्हणजे झाले की 1800. उरले 2700. महिन्यात 26 दिवस, रोज सहा तास, भागाकार कर, तासाला 17 रुपये पडतात! आणि गंमत म्हणजे मेसचे दोन वेळचे पैसे तू भरतोच आहेस, रात्रीचं ताट काकूंकडे तसंच राहतं, खाड्याचे म्हणून पैसे पण वजा होत नाहीत कारण दुपारी जेवतोस. रूममेटला हा हिशोब दाखव, मग बोलू दे त्याला.

काम सोड असं मी म्हणत नाहीये, कॉटचं भाडं कोण भरणार. पण सोमवार ते शुक्रवार गाडी बंद ठेव, फक्त शनिवार-रविवार चालव, हप्ते संपेपर्यंत तरी. बाकीचे दिवस कॉलेजच्या विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांकडे जाऊन कमवा व शिकाचं विचार, लायब्ररीत नाहीतर ऑफिसात तासांवर काम असतं, पैसे फार नाहीत पण पेट्रोल जळत नाही आणि 9 ला तू मेसमध्ये ताटावर असशील. नाहीतर पेठेतच आठवी-नववीच्या दोन पोरांची शिकवणी बघ, चालत जाता येईल.

आता महत्त्वाचं. तू प्रवर्ग लिहिला नाहीस, पण सरकारी होस्टेल न मिळालेल्या पोरांसाठी योजना आहेत. अनुसूचित जाती किंवा नवबौद्ध असशील तर स्वाधार, पुण्यासाठी वर्षाला 60 हजार. आदिवासी असशील तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं, ओबीसी-भटक्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार, मराठा किंवा ओपनमधल्या आर्थिक मागास (ईबीसी) पोरांसाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता. उत्पन्नाचा दाखला, भाडेकरार, बँकेला आधार लिंक, हे सगळं लागतं आणि पैसे वेळेवर येतील असं समजू नकोस, पण फॉर्मच भरला नाही तर काय येणार? काही ठिकाणी मार्कांची अट पण असते, म्हणून ते दोन विषय आधी काढ.

घरी सांगायचं तर फोनवर नको. लातूरची गाडी पकड, बाबांसोबत शेतात जा आणि तिथं सांग. ओरडतील. ज्या माणसानं पडत्या भावात सोयाबीन विकून तुला 4 हजार पाठवले त्याला हा भागाकार तुझ्यापेक्षा लवकर कळेल.

आणि हो, राहिलेले विषय कोणते ते लिहिलंच नाहीस. त्यात मॅथ्स असेल तर शिकवणीचं मी काही बोलले नाही असं समज.