सोलापूरचा पिन कोड 413001 ही मूळ संख्या आहे का?

तुमचा प्रश्न असा: 413001 मूळ आहे का, नसेल तर कोणत्या प्रकारांत बसते, आणि शहरातल्या 413006 पर्यंतच्या पिनमध्ये एखादा तरी मूळ आहे का?

413001 संयुक्त आहे. हे तोंडीही सांगता येतं: अंकांची बेरीज 9, म्हणजे 9 ने भाग जाणारच. 413001 = 9 × 45889.

खरी मेहनत 45889 ला लागते. अंकांची बेरीज 34, म्हणजे 3 चा विषय संपला. आता 7, 11, 13 असं एकेका मूळ संख्येने भागत जा. कुठवर? 214² = 45796 आणि 215² = 46225, म्हणून 214 पर्यंत. 9 आधी बाहेर काढला नसता तर 642 पर्यंत जावं लागलं असतं.

मुलं बहुतेक वेळा 97 ला थांबतात, कारण पाठ केलेली यादी तिथेच संपते. 97 ने भागून बाकी 8 उरते आणि 45889 मूळ ठरवून मोकळी होतात. पण पुढे 101 ने बाकी 35, 103 ने 54, 107 ने 93, आणि 109 ने शून्य! भागाकार 421. तो वेगळा तपासायला नको. त्याचं वर्गमूळ 21 च्या आत आहे आणि तेवढ्या लहान मूळ संख्या आपण आधीच बाद केल्यात.

413001 = 3² × 109 × 421

एवढं हाती आलं की बाकीचं भराभर सुटतं. विभाजक 3 × 2 × 2 = 12. त्यांची बेरीज 13 × 110 × 422 = 603460. इथे 3² साठी 1 + 3 + 9 घ्यायचे. 1 + 9 घेतलं की उत्तर चुकतं. स्वतः संख्या वजा केल्यावर 190459 उरतात, ते 413001 पेक्षा कमी, म्हणून ही न्यून संख्या.

मला सगळ्यात सुंदर वाटतो तो दोन वर्गांच्या बेरजेचा गुण. 109 आणि 421 ला 4 ने भागल्यावर बाकी 1 उरते, आणि 3 चा घातांक सम आहे, म्हणून हे जमतं, तेही दोन प्रकारे: 576² + 285² आणि 555² + 324². 3 एकदाच असता, म्हणजे संख्या 137667 असती, तर एकही जोडी मिळाली नसती.

अंकांची बेरीज 9 संख्येला भागते, म्हणून ही हर्षद संख्याही आहे. हे नाव देवळालीचे गणितशिक्षक द. रा. कापरेकर यांचं. त्यांच्याच अर्थाने ती स्वयंभू, म्हणजे कुठल्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून न येणारी, मात्र नाही: 412974 मध्ये त्याच्या अंकांची बेरीज 27 मिळवा, 413001 येतात. हे दोन्ही गुण दशमान लेखनाचे आहेत, अवयवांइतके खोल नाहीत.

413002, 413004, 413006 सम, 413005 च्या शेवटी 5. फसवतो तो 413003: 17 पर्यंत कुणालाच दाद देत नाही, आणि 19 × 21737 निघतो. म्हणजे या सहांत मूळ एकही नाही.