चर्चच्या तुरुंगसेवेत नाव द्यावं का? आत जाऊन नेमकं करायचं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी पुण्यात राहते. आमच्या चर्चमधून एक गट येरवड्याच्या कारागृहात जातो, त्यात नाव द्या म्हणतात. आत जाऊन काय करायचं असतं? बायबल शिकवायचं का? घरचे घाबरलेत. कैद्यांच्या घरच्यांसाठी काही करता येतं का?"

नाव जरूर द्या. पण तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेतो, कारण माझ्या मते या सेवेचं खरं काम भिंतीच्या बाहेर आहे आणि माणसं कमी पडतात ती तिथेच. आत जायला सगळे तयार असतात. तहसील कचेरीत रांग लावायला कुणी मिळत नाही.

मी वसईचा. नगरपालिकेत कारकुनी केली. निवृत्त झाल्यावर धर्मग्रामातल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, गटाबरोबर ठाणे-कल्याणकडच्या तुरुंगांत जाऊ लागलो. मला ना गाता येतं, ना प्रवचन करता येतं. कागद मात्र कळतात, आणि इथे तेच जास्त उपयोगी पडलं.

मुलाकातीच्या दिवशी सकाळी कुठल्याही मोठ्या तुरुंगाच्या गेटबाहेर जाऊन बघा. कडेवर मूल, हातात कपड्यांची पिशवी, ब्लाउजमध्ये खोचलेलं आधार कार्ड. पहाटेची गाडी पकडून आलेल्या बायका असतात. नंबर लागला की काचेपलीकडे नवरा किंवा मुलगा, मध्ये इंटरकॉमचा फोन, आणि मोजकी मिनिटं. त्यातली पहिली दोन "ऐकू येतंय का?" यातच जातात. एका बाईने आदल्या रात्री वहीच्या पानावर मुद्दे लिहून आणले होते: शाळेची फी, दिराने खोली रिकामी करायला सांगितलंय, वकील अजून पाच हजार मागतोय. शेवटची ओळ खोडलेली होती, "सासूबाईंचं ऑपरेशन". मी विचारलं तर म्हणाली, "ते नाही सांगितलं. आत बसून ते काय करणार आहेत?"

या बाईला प्रवचन नको असतं. ई-मुलाकातीची, म्हणजे ऑनलाइन भेटीची, नोंदणी मोबाइलवरून कशी करायची, मनीऑर्डर कुणाच्या नावाने करायची, पुढची तारीख कधी आणि कुठल्या कोर्टात, हे सांगणारं कुणीतरी हवं असतं. शेजारपाजाऱ्यांनी बोलणं टाकलेलं असतं, कधी तर चर्चमधल्यांनीही. नवरा आत गेल्यापासून ती रविवारी शेवटच्या बाकावर बसते, मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, संपायच्या आत निघून जाते. तिला पुढच्या बाकावर आपल्या शेजारी बसवणं हीसुद्धा तुरुंगसेवाच, आणि त्याला तुरुंगाच्या कुणा अधीक्षकाची परवानगी लागत नाही.

आता जामीन. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि त्यांतली ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे खटला न संपलेले. चारातले तीन. यांतल्या काहींचा जामीन मंजूरही झालेला असतो, तरी ते आतच असतात. आम्ही जायचो त्या तुरुंगात रंगकाम करणारा उत्तरेकडचा एक पोरगा होता. पंधरा हजारांचा जामीन, पण मुंबईत ओळखीचा म्हणावा असा एकच, तो ठेकेदार, आणि त्याने फोन उचलणं बंद केलेलं. जामीनदार म्हटला की त्याचं रेशनकार्ड, घरपट्टीची पावती नाहीतर पगारपत्रक, लागलं तर तहसील कचेरीतून सॉल्व्हन्सीचा, म्हणजे ऐपतीचा, दाखला. परगावच्या मजुराने हे कुठून आणायचं?

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये यावर स्पष्ट सूचना दिल्या आहेत. जामीन मिळूनही सात दिवसांत माणूस सुटला नाही तर अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी कार्यालयाला, कळवायचं. महिनाभरात जामीनदार देता आला नाही तर अटी सैल करता येतील का, हे कोर्टाने स्वतःहून बघायचं. केंद्र सरकारची गरीब कैद्यांसाठीची योजनाही २०२३ पासून आहे. ती सुरू झाली तेव्हा तिच्यात जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत आणि शिक्षा झालेल्याचा दंड भरायला २५,००० रुपयांपर्यंत मदत ठरली होती; आजची मर्यादा प्राधिकरणात विचारून घ्या. काही गंभीर कायद्यांखालचे गुन्हे वगळलेत. शिवाय नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम ४७९ प्रमाणे, पहिल्यांदाच अडकलेल्या माणसाने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला सोडायची तरतूद आहे. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ती लागू नाही, आणि अंगावर एकाहून जास्त केसेस असतील तर अडतं. कोठडीतल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो, हे तर १९८७ च्या विधी सेवा कायद्यातच आहे.

कागदावर सगळं आहे. मधे लागतो तो प्राधिकरणाच्या कार्यालयात जाऊन "अमुक बंदी (म्हणजे कैदी), अमुक केस नंबर, जामीन अमुक तारखेला झाला, अजून आत आहे" एवढा साधा अर्ज देणारा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा जाऊन विचारणारा माणूस. त्या पोराच्या बाबतीत एवढंच केलं. कोर्टाने अट सैल करून जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराविना त्याच्या स्वतःच्या हमीवर, सोडला. मात्र एक सांभाळा: भावनेच्या भरात स्वतः जामीनदार राहू नका. माणूस तारखेला आला नाही तर रक्कम तुमच्याकडून वसूल होते, आणि मग गटातला दुसरा कुणी पुन्हा या कामाला हात लावत नाही.

मुलांचं वेगळंच. आईबरोबर मूल सहा वर्षांचं होईपर्यंत तुरुंगात राहू शकतं, हे २००६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ठरवून दिलंय. सातव्या वर्षी काय? आजी असेल तर आजी, नाहीतर बालगृह. येरवड्याला स्त्रियांचं स्वतंत्र कारागृह आहे, म्हणजे हा प्रश्न तुमच्या गटापुढे येणारच. बाईमाणूस आत गेलं की भेटायला येणारे फार लवकर आटतात. पुरुषाला बायको येते, आई येते, बाईला बरेचदा कुणीच नाही. बाहेर राहिलेल्या मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे, पालक तुरुंगात असलेल्या मुलांनाही तिचा लाभ मिळू शकतो. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करायचा असतो. आपल्या कारागृहांत 'गळाभेट' नावाचा कार्यक्रमही होतो, त्यात बंद्यांना आपल्या लहान मुलांना काचेविना भेटता येतं, जवळ घेता येतं. गावाकडची मुलं त्या दिवशी येऊ शकत नाहीत ती एसटीच्या भाड्यापायी आणि सोबतीला मोठं माणूस नाही म्हणून. यात पैसे थोडे लागतात, एक दिवस मोडावा लागतो.

अमेरिकेत मेरी के बियर्ड नावाची बाई बँका लुटल्याबद्दल आत गेली होती. तिथे तिने पाहिलं की नाताळात संस्थांनी वाटलेले साबण-टूथपेस्ट बायका वापरत नाहीत, साठवून भेटीला आलेल्या मुलांना देतात. सुटल्यावर १९८२ मध्ये तिने अलाबामात कैद्यांच्या मुलांना नाताळची भेट पोचवायचा उपक्रम सुरू केला. त्यातली खुबी अशी, की भेट चर्चच्या नावाने जात नाही, आत असलेल्या आईच्या किंवा बापाच्या नावाने जाते. आपल्याकडे कुणी खाऊ वाटला की मागे मंडळाचा बॅनर आणि पुढे फोटो. तुमच्या गटात हे होत असेल तर पहिल्याच बैठकीत मोडून काढा. त्या मुलाच्या वर्गातलं कुणीतरी तो फोटो बघतंच.

आता आतलं. कॅथलिकांत हे काम बहुतेक ठिकाणी 'प्रिझन मिनिस्ट्री इंडिया' या नावाखाली चालतं. १९८१ साली केरळात, कोट्टायमच्या वडवातूर सेमिनरीत फादर होण्यासाठी शिकणाऱ्या तरुणांनी ते सुरू केलं. आता मुख्य कार्यालय बंगळुरूला आहे. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत प्रिझन फेलोशिपचं नाव ऐकू येतं, ते अमेरिकेतल्या वॉटरगेट या राजकीय घोटाळ्यात सात महिने तुरुंगात काढलेल्या चार्ल्स कोल्सन यांनी १९७६ मध्ये अमेरिकेत सुरू केलेलं. तुमचं चर्च कुठलं ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण आतला रिवाज सगळीकडे साधारण एकच. परवानगीचं पत्र, आधार, फोटो, पोलीस पडताळणी. मोबाइल गेटवर. मग एका हॉलमध्ये सतरंज्या, बंदी येऊन बसतात, प्रार्थना, दोन गाणी, थोडं बोलणं. समोर बसलेल्यांत ख्रिस्ती थोडेच असतात. बाकीचे येतात कारण तासभर पंख्याखाली बसता येतं, कुणी खेकसत नाही आणि बाहेरचं माणूस दिसतं. यात वाईट वाटून घेऊ नका. मी तरी त्यांच्या जागी त्याचसाठी आलो असतो.

बायबल मागितलं तर, आणि अधिकाऱ्यांची परवानगी असेल तर, द्या. धर्मांतराचा विषय तुम्ही होऊन काढायचा नाही, आडूनसुद्धा नाही. कायद्याची भीती आहे म्हणून नव्हे. जो माणूस उठून निघून जाऊ शकत नाही, त्याच्या होकाराला काय किंमत? मत्तयाच्या २५ व्या अध्यायात प्रभू म्हणतो ते, तुरुंगात होतो तेव्हा भेटायला आलात, एवढंच. काय शिकवून आलात, हे तिथे विचारलेलं नाही.

आत कुणाला "काय केलंस?" विचारायचं नाही; सांगावंसं वाटलं तर तो सांगेल. चिठ्ठी, निरोप, फोन नंबर, काहीही बाहेर आणायचं नाही आणि आत न्यायचं नाही. "घरी फक्त एवढं सांगा" म्हणून कुणी हात जोडले तरी ते गटप्रमुखाच्या आणि अधिकाऱ्यांच्या कानावर घालूनच. स्वतःचा पत्ता देऊ नका. "लवकर सुटशील" कधीच म्हणू नका, तो ते वाक्य महिनाभर धरून बसतो.

नव्या स्वयंसेवकांना सिस्टर राणी मारिया यांची गोष्ट हमखास सांगतात, तुम्हालाही सांगतील. १९९५ मध्ये मध्य प्रदेशात देवास जिल्ह्यात बसमध्ये त्यांचा खून झाला. खुनी समुंदर सिंहला त्यांच्या बहिणीने, सिस्टर सेल्मी पॉल यांनी, २००२ मध्ये तुरुंगात जाऊन राखी बांधली. घरच्यांनी त्याच्या सुटकेसाठी प्रयत्न केले, २००६ मध्ये तो सुटला आणि पुढे केरळात जाऊन तिच्या आईवडिलांना भेटला. गोष्ट खरी आहे, थोर आहे. पण ज्याच्या घरातलं माणूस गेलंय त्याला ती ऐकवायला जाऊ नका. ती राखी बहिणीने स्वतःच्या मनाने बांधली होती, कुणा स्वयंसेवकाच्या सांगण्यावरून नाही. मला विचाराल तर आपल्या कामाला कोल्बे जास्त जवळचे. आउश्विट्झच्या छळछावणीत उपासमारीने मारायला निवडलेला एक कैदी "माझी बायको, माझी मुलं" म्हणून रडला, तेव्हा फादर मॅक्झिमिलियन कोल्बे त्याच्या जागी गेले आणि १४ ऑगस्ट १९४१ रोजी मारले गेले. या सेवेचे आश्रयदाते संत तेच. तिथेही मूळ गोष्ट कुटुंबाचीच आहे.

घरच्यांच्या भीतीचं म्हणाल तर हॉलमध्ये शिपाई असतो, गट असतो, एकटं कुणी कुणाला सोडत नाही. लोकलच्या गर्दीत मला जास्त धास्ती वाटते. घरच्यांना एकदा बाहेरच्या कामाला सोबत न्या, मुलाकातीच्या रांगेपाशी चहा-बिस्किटं वाटायला. बहुतेकांची भीती तिथेच उतरते.

सुरुवात डिसेंबरात करू नका. नाताळात आत जायला गटांची झुंबड असते, केक उरतो. जूनमध्ये जा. शाळा उघडलेल्या असतात, वह्या-दप्तराचे पैसे नसतात, पावसात गेटबाहेर आडोसा नसतो, आणि गटातली निम्मी माणसं सुट्टीवरून परतलेली नसतात. नाव देण्याआधी गटप्रमुखाला एकच विचारा: सुटून आलेला माणूस पहिल्या रात्री कुठे झोपतो, हे तुम्ही बघता का? "हो, अमुक ठिकाणी सोय करतो" असं काही उत्तर आलं तर बेलाशक सही करा. "ते आपल्या हातात नसतं" असं आलं तरीही करा, आणि ते काम स्वतःकडे मागून घ्या.