कुलूप लावलं की चिंगी रडते

बेळगावच्या शहापूरहून एक ताई लिहितात: मुलगी शिकायला पुण्याला गेली, त्यांची टिळकवाडीत नोकरी सुरू झाली आणि 3 वर्षांची पामेरियन चिंगी घरात एकटी पडली. कुलूप लागलं की भुंकते, दाराची चौकट कुरतडते, उंबऱ्यापाशी मुतते. शेजारी वैतागलेत. घरचे म्हणतात, न्हाणीत कोंडा, नाहीतर कुणाला तरी देऊन टाका.

ताई, न्हाणीत मुळीच कोंडू नका. घाबरलेलं कुत्रं कोंडलं की दारावर नखं-दात मोडून घेतं. चिंगी सूड उगवत नाहीये, तिला भीती वाटतेय. तुम्ही आल्यावर ती कान पाडून कोपरा धरते, तेही तुमचा चढलेला आवाज ऐकून.

आधी जुना मोबाईल रेकॉर्डिंगला लावून बाहेर जा. भीती असेल तर बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच येरझाऱ्या, धापा, लाळ सुरू होते. तास-दोन तास निवांत झोपून मग चप्पल फाडली, तर तो कंटाळा. त्याला सकाळचं लांब फिरणं हवं. पावसाने झोडपलं तर जुन्या टॉवेलच्या गुंडाळीत खाऊ लपवून शोधायला लावा.

भीतीच असेल तर किल्ल्या उचला आणि परत ठेवून चहा टाका. पर्स खांद्याला अडकवून भाजी निवडत बसा. ती मान वर करेनाशी झाली की मग दार: 5 सेकंद बाहेर, मग 10, मग 3, मग 15, मग 8. दर वेळी वाढवत नेऊ नका, मध्ये सोपं ठेवा. ओठ चाटणं, उगाच जांभया, दाराकडे रोखलेले कान दिसले की ताण आला समजा. पुढच्या खेपेला वेळ निम्मा करा. बहुतेकांचं गाडं इथेच अडतं. दोन दिवस बरं गेलं की तिसऱ्या दिवशी थेट तासभर जातात आणि केलेलं सगळं पाण्यात. पहिली 30-40 मिनिटं गाठायलाच आठवडे लागतात; पुढे 10-15 मिनिटांनी वाढवता येतं.

तोवर नोकरीच्या वेळेत तिला एकटं ठेवायचं नाही. ही अट जड आहे, कळतंय मला. पण एकेक घाबरणं आधीची शिकवण पुसतं. शेजारच्या आजी, वडगावची जाऊबाई, कुणाला तरी विनवा.

निघताना पोकळ रबरी खेळण्यात बिनमिठाचा दहीभात भरून, गोठवून द्या. तेवढं रोजच्या जेवणातून कमी करा. तिने तोंड लावलं नाही तर वेळ जास्त झालाय. कुंदा (आपली खव्याची मिठाई) नको. मनुका, चॉकलेट आणि कांदा तर कुत्र्याला विषारी.

हे सुरू करण्याआधी पशुवैद्याकडून लघवी तपासून घ्या, संसर्ग असला तर त्याचे उपाय निराळे. महिनाभरात काहीच फरक नसेल, तर त्यांना फ्लुओक्सेटिन या भीती-चिंता कमी करणाऱ्या औषधाबद्दल विचारा. त्याचा गुण यायला 4 ते 6 आठवडे लागतात आणि सराव सोबत चालूच ठेवावा लागतो. घरातल्या माणसांची झोपेची गोळी अर्धी करून देऊ नका.