पूरक गोळ्या चालू, मेडिक्लेम बंद

प्रश्न : मी ६८ वर्षांचा, पिंपरीतील खासगी कंपनीतून निवृत्त, पत्नी ६४ वर्षांची. बँकेत ४० लाखांच्या ठेवी आहेत. प्रोटीन पावडर, सांध्यांच्या गोळ्या, जिंकगो कॅप्सूल आणि कारले-जांभूळ रस यांवर दोघांचे महिन्याला साडेनऊ हजार रुपये खर्च होतात. दीड लाखाची ठेव मोडून माल उचलला आणि वितरक झालो तर २५ टक्के सवलत व वर कमिशन मिळेल, असे एक परिचित सांगतात. ठेव मोडावी का? मधुमेहाची आणि रक्त पातळ करण्याची गोळी सोडल्यास आम्ही ठणठणीत आहोत, म्हणून ५८ हजार हप्त्याची मेडिक्लेम दोन वर्षांपूर्वी बंद केली.

उत्तर : मोडू नका. तुमची वर्षाची खरेदी १ लाख १४ हजारांची. तिच्यावर सवलत साधारण २८ हजार, त्यातून बुडालेले व्याज दहा हजार वजा करा आणि मुदत संपत आलेले डबे कोणाच्या गळ्यात मारायचे ते ठरवा. कमिशन सकाळी फिरायला येणाऱ्या मित्रमंडळींच्याच खिशातून येणार आहे, आणि तीही वितरक झाली की गिऱ्हाईक उरत नाही.

खरी चूक पत्राच्या शेवटच्या वाक्यात आहे. ज्या डब्यांवर बारीक अक्षरांत ‘औषधी वापरासाठी नाही’ असे छापलेले असते, त्यांच्या भरवशावर तुम्ही हप्त्याच्या दुप्पट रक्कम खर्च करत राहिलात आणि विमा सोडलात. एका अँजिओप्लास्टीचे बिल सहज अडीच-तीन लाखांवर जाते. जुनी पॉलिसी आता परत मिळणार नाही आणि तिच्यात पूर्ण केलेला प्रतीक्षाकाळही (आधीपासूनच्या आजाराचा खर्च विमा देत नाही तो सुरुवातीचा काळ) वाया गेला. नव्या पॉलिसीत मधुमेहासाठी तो तीन वर्षांपर्यंत असू शकतो. नवी पॉलिसी घेण्यासाठीची ६५ वर्षांची वयोमर्यादा एप्रिल २०२४ पासून राहिलेली नाही. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटीही सप्टेंबर २०२५ मध्ये शून्य झाला. हप्ता सत्तर-ऐंशी हजार धरा. डब्यांचे पैसे त्याला पुरून उरतात.

सत्तरीनंतर केंद्र सरकारच्या आयुष्मान वय वंदना कार्डावर पाच लाखांचे संरक्षण मिळते, परंतु तुम्हाला त्यासाठी दोन वर्षे आणि पत्नीला सहा वर्षे थांबावे लागेल. शिधापत्रिका असल्यास महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. मात्र तिथे उपचार ठरावीक आणि रुग्णालये योजनेशी जोडलेलीच. म्हणून सहा लाखांची एक ठेव केवळ आजारपणासाठी वेगळी ठेवा. विमा कंपनीने प्रस्ताव नाकारला तर ती दहा लाखांपर्यंत वाढवा.

सगळे डबे पिशवीत घालून तुमच्या डॉक्टरांना दाखवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर जिंकगोने रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो आणि मधुमेहाच्या गोळीवर कारल्याचा रस घेतल्यास साखर फार खाली जाऊ शकते. काय ठेवायचे ते डॉक्टर ठरवतील. एखादी कॅल्शियमची गोळी राहिलीच तर जनऔषधी केंद्रात ती फार स्वस्त मिळेल. प्रस्ताव अर्जात मात्र मधुमेह आणि दोन्ही गोळ्या स्पष्ट लिहा, एजंटने ‘नाही लिहिले तरी चालते’ म्हटले तरी. माहिती लपवली, हे एकच कारण दावा फेटाळायला कंपनीला पुरते.